पप्पांनी बसवलेलं कुलूप

माझ्या वडिलांचा कुलपांवर भारी विश्वास. नांदेडच्या आमच्या घरात गच्चीच्या दाराला कुलूप, पाण्याच्या मोटरीला कुलूप, अंगणातल्या स्कूटरला तर दोन. गावाला निघालो की पप्पा रिक्षातून उतरून परत जायचे आणि दाराचं कुलूप ओढून बघायचे. आम्ही रिक्षात ताटकळत बसायचो आणि आई रिक्षावाल्याकडे बघून कसनुसं हसायची. अशा माणसाची पोरगी अकरावीला लातूरला निघाल्यावर तो इंटरनेटलाही कुलूप लावणार, हे ओघानंच आलं.

आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले की लेकराला लातूरला ठेवतात. डॉक्टर व्हायचं असेल तरी लातूर, आणि काय व्हायचं ते कळत नसेल तरी लातूर. लेकरासोबत आई जाते, भाड्याची खोली घेते, गॅसची शेगडी मांडते. बाप मागं राहून नोकरी करतो आणि रविवारी एसटीनं येतो. क्लासेसच्या त्या भागात गल्लीच्या गल्ल्या अशा आया-लेकरांनी भरलेल्या असतात. हदगावची आई असो की किनवटची, भेटल्यावर आधी गाव विचारते आणि लगेच मागच्या टेस्टचे मार्क. नवरा कुठं असतो हे कुणी कुणाला विचारत नाही, कारण सगळ्यांचेच गावाकडे असतात.

पप्पांना हे दोन घरांचं प्रकरण नको होतं. त्यांनी एक होस्टेल बघून ठेवलं होतं. तिथं फोन जमा करून घ्यायचे, फक्त रविवारी घरी बोलू द्यायचे, आणि खिडक्यांना बाहेरून जाळी होती. पप्पांना ती जाळी फार आवडली होती. पण आई कधी नव्हे ती अडून बसली. "पोरगी एकटी ऱ्हाणार न्हाई. मी जाते तिच्यासंगं." आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडं अशा भरल्या घराच्या भाकरी थापणारी बाई असं काही बोलली की सगळेच भाकरींचा हिशेब मांडायला लागतात. काकूंनी जरा जास्तच मांडला असणार.

शेवटी पप्पांनी अट घातली. "लॅपटॉपचं काय? क्लासनं पेनड्राइव्हवर दिलेली लेक्चरं त्याच्यावरच बघायची, दिवसभर ही त्याच्यासमोर, अन् खोलीत वायफाय फुकट. राहायला लागा, तोवर मी त्याचा बंदोबस्त करतो. जमला तर राहा दोघी बिनघोर. न्हाई जमला तर ही होस्टेलला अन् तू घरी." तेव्हा मला वाटलं, अट मला घातली आहे. ती आईला घातलेली होती, हे कळायला मला थोडे दिवस लातूरला राहावं लागलं.

लॅपटॉप जुना होता, लॉकडाउनमध्ये शाळेसाठी घेतलेला. दुकानदारानं त्यात लिनक्स टाकून दिलं होतं, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर बरं चालतं. दुकानदार सहज बोलून गेला की यात पोरांचे गेम चालत नाहीत, आणि ते ऐकून पप्पा लिनक्सचे भक्त झाले. (चालतात. पण मी तेव्हा कशाला बोलू?) मुलांना आवर घालणारी सॉफ्टवेअरं मात्र बहुतेक सगळी विंडोजसाठी आणि फोनसाठी निघाली. पप्पांनी शोधशोध शोधून लिनक्सवर चालणारं एक काढलं. मग ते रविवारी लातूरला येत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि फोनवर दिसणाऱ्या इंग्रजी ओळी एकेक अक्षर करून लॅपटॉपवर उतरवत. एखादा ठिपका चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे कितीतरी रविवार चाललं. आई त्यांच्या बाजूला चहा ठेवायची आणि देवाला हात जोडल्यासारखी त्या पडद्याकडे बघायची.

एकदाचं ते बसलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल कुलूप आलं. लाल म्हणजे नेट बंद. संध्याकाळी क्लासची ऑनलाइन टेस्ट असायची, तेवढ्यापुरतं ते हिरवं होणार. तेच कुलूप पप्पांच्या फोनवरही दिसणार, म्हणजे नांदेडच्या ऑफिसात बसून त्यांना माझ्यावर नजर ठेवता येणार. सवयीप्रमाणे त्यांनी कुलूप ओढूनही बघितलं. एक साइट उघडायला सांगितली, उघडली नाही. दुसरी सांगितली, तीही नाही. पप्पांनी मांडीवर थाप मारली. त्या वेळी गल्लीतली लाइट गेलेली होती, लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि खालच्या मजल्यावरचं वायफायचं खोकं मेलेलं होतं, हे त्या आनंदात आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जाताना दारात चप्पल घालता घालता ते मला म्हणाले, "राग मानू नको बेटा. तुझ्यावर माझा विश्वास हाय. त्या इंटरनेटवर न्हाई." मला ते आवडलं होतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या नोट्समध्ये एका निळ्या ओळीवर माझं बोट पडलं आणि व्हिडिओ सुरू झाला. कोपऱ्यात कुलूप लालच्या लाल, आणि मधे एक सर गतीचे नियम शिकवतायत. मी घाबरून बंद केलं. परत उघडून बघितलं. मग दुसरं काही उघडलं, तिसरं उघडलं, सगळं उघडत होतं. पुढे कॉम्प्युटर शिकले तेव्हा त्याचं कारण कळलं. साइटचा पत्ता विचारायला लॅपटॉप ज्या रस्त्यानं जातो त्या रस्त्यावर ते सॉफ्टवेअर पहारा देत बसलं होतं, आणि आमचा ब्राउझर पत्ता विचारायला स्वतःच्या वेगळ्या, झाकलेल्या वाटेनं जात होता. पहारेकऱ्याला कुणी दिसत नव्हतं, म्हणून तो नांदेडला निरोप पाठवायचा की सगळं बंद आहे.

मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. ती खाली बसून अंबाडीची पानं खुडत होती. "आई, पप्पांचं कुलूप लागतच न्हाई. नेट चालू हाय." तिचे हात थांबले. तिनं लॅपटॉपकडे बघितलंच नाही. तिनं खोलीकडे बघितलं. दोन ताटं, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेली तिची साडी.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच न्हाई."

"मग उगी ऱ्हा. पप्पाला सांगू नको."

"अगं, पण कळलं तर?"

"कसं कळतंय? मी हाय की इथं. मी बसत जाते तुझ्यापाशी." आणि ती पुन्हा पानं खुडायला लागली.

त्या दिवसापासून आईच कुलूप झाली. मी लेक्चर लावलं की ती माझ्या मागं कॉटवर येऊन बसायची, हातात काहीतरी निवडायला घेऊन. मी दुसरं काही उघडलं तर नुसती खाकरायची. हे काम ती सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी चोख करायची. आणि मला तिचा राग यायचा, कारण चूक माझी नव्हती, तिची नव्हती, पप्पांचीही म्हटलं तर नव्हती, आणि तरी आम्ही दोघी चोरासारख्या दबून राहत होतो.

पण त्या खोलीत आई काय झाली होती तेही मी बघत होते. नांदेडला दुपारी आडवी झालेली आई मी कधी बघितली नव्हती. लातूरला ती जेवण झालं की पदर तोंडावर घेऊन झोपायची, चक्क घोरायची. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांसोबत फिरायला जायची आणि जिन्यातूनच तिच्या हसण्याचा आवाज वर यायचा. एक दिवस लाजत लाजत तिनं विचारलं, "त्याच्यात ब्लाउजचे गळे दिसतात का गं?" मी दाखवले. मग मी क्लासला गेले की ती लॅपटॉप उघडायची, गळे बघायची आणि खालच्या मजल्यावर देगलूरची एक काकू लेकीला घेऊन राहायची, तिच्या शिलाई मशीनवर शिवून बघायची. पहिला ब्लाउज बिघडला. दुसरा त्या काकूनं अंगात घातला आणि गल्लीभर मिरवला. त्या रात्री आई जेवताना मधेच एकटी हसत होती.

दर रविवारी पप्पा यायचे. आल्या आल्या लॅपटॉप उघडून कुलूप बघायचे. "काय त्रास न्हाई ना?" मी म्हणायचे, न्हाई. दर शनिवारी मी ठरवायचे, उद्या सांगून टाकायचं. मग आई त्यांच्यासाठी कांद्याची भजी तळायला घ्यायची आणि माझ्याकडे एक नजर टाकायची, की माझं ठरवलेलं सगळं विरघळायचं. पप्पांनी त्यांच्या ऑफिसात कुलपाची कीर्ती पसरवली होती. ते ऐकून देगलूरच्या काकूंनीही त्यांना गाठलं. "भाऊ, आमच्या पोरीच्या लॅपटॉपवर बी बसवा की. लई उंडारती ती त्याच्यात." पप्पा खुलले. त्यांनी तो सबंध रविवार काकूंच्या खोलीत घालवला, आणि कोपऱ्यात लाल कुलूप दिसताच एसटी गाठायच्या घाईत ते ओढून न बघताच निघाले. ते सकाळी खाली काकूंकडे निघाले तेव्हा मी उठून उभी राहिले होते, बोलणारच होते. आईनं मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मायेचा होता की गप्प बसवणारा होता, मला अजून ठरवता येत नाही.

मी काही संत नव्हते. आई फिरायला गेली की मी मुलींच्या कबड्डीचे सामने बघायचे, जुने, नवे, सापडतील ते. पण माझे मार्क त्यामुळे पडत नव्हते. ते फिजिक्समुळे पडत होते, आणि फिजिक्सला कुलूप लावता येत नाही.

कुलपाचं बिंग देगलूरच्या काकूंनीच फोडलं. त्यांच्या लेकीला त्यांनी भर दुपारी मालिका बघताना पकडलं, कोपऱ्यात लाल कुलूप असताना. काकू सरळ माणूस. त्यांनी आम्हाला काही न विचारता नांदेडला फोन लावला. "भाऊ, तुमचं कुलूप तर सताड उघडं हाय."

पप्पा रविवारची वाट न बघता रजा टाकून आले. आम्ही जेवून उठत होतो. ते बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. लॅपटॉप उघडला, एक साइट टाकली, उघडली. दुसरी टाकली, तीही उघडली. मग हळूच विचारलं, "हे कधीपासून असं हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

त्यांनी ब्राउझरचा मागचा इतिहास काढला. कबड्डी. कबड्डी. मग ब्लाउजचे गळे. पानगळा, मटका गळा, मागं दोरीचा गळा, पडदा सरकत होता आणि गळेच गळे येत होते. पप्पांचा चेहरा असा झाला की मला भीती वाटायच्या ऐवजी कीव आली. "ब्लाउज? ह्याच्यासाठी एका घराची दोन घरं केली का मी? हे बघायला आणून ठेवलं का तुला इथं?"

मी आईकडे बघितलं. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. मला वाटलं, आता बोलेल. पाण्याला उकळी आली. आता बोलेल. तिनं पत्ती टाकली, साखर टाकली. आता तर नक्की बोलेल, कारण आता माझ्या नावावर तिचे गळे चाललेत. तिनं चहा गाळला, कप पप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि खाली बघून म्हणाली, "जाऊ द्या. लेकरू हाय."

पप्पांचं ओरडणं मी विसरले असते, पण हे नाही. मी न केलेल्या गुन्ह्याची माफी माझी आई माझ्यासाठी मागत होती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मला तिची ती दुपारची झोप दिसत होती, जिन्यातलं हसणं ऐकू येत होतं. मी बोलले तर पप्पा तिला काय बोलतील, आजी काय बोलेल, घरी काकू भांडी आपटत वर्षभर काय काय बोलतील, हे सगळं मला त्या एका क्षणात कळत होतं. मी म्हणाले, "चुकलं माझं."

पप्पांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं उगाच पुसत राहिले. "एका शब्दानं सांगायचं होतं, बेटा. रागावलो नसतो मी. तुझ्यावर विश्वास हाय म्हणालो होतो ना?" ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

अट म्हणजे अट. मी त्या जाळीच्या होस्टेलला गेले आणि आई शेगडी बांधून नांदेडला. म्हणजे गप्प बसून जे वाचवायचं होतं ते काहीच वाचलं नाही. होस्टेलवर रविवारी फोन मिळायचा. पप्पा दर वेळी विचारायचे, "खरं सांग, जेवलीस का? खरं सांग, अभ्यास होऊन राहिला का?" आधी ते नुसतं 'जेवलीस का' विचारायचे. मग आई फोन घ्यायची आणि हवापाण्याचं बोलायची. लातूरला पाणी किती दिवसांनी येऊन राहिलं, थंडी हाय का. मी हो-नाही करून फोन ठेवायचे आणि जाळीपाशी उभी राहून रडायचे. मेडिकलला नंबर लागला नाही. लागणार नव्हताच. मी नांदेडला परत येऊन कॉम्प्युटर शिकायला लागले, आणि नातेवाइकांत कारण ठरून गेलं की पोरगी हुशार होती, पण लॅपटॉपनं घात केला.

आईशी मी नीट बोलेनाशी झाले. भांडले नाही, भांडायला विषय काढावा लागला असता. तिनं केसांना तेल लावायला बोलावलं की मी म्हणायचे, मी लावते. तिनं माझ्यासाठी शिवलेला ब्लाउज मी लग्नाकार्यात कधी घातला नाही. तीही काही म्हणायची नाही. मी मनाशी धरून बसले होते की मी हिच्यासाठी खोटारडी झालेय, हे हिला ठाऊक आहे, आणि एवढं तरी आमच्या दोघींत आहे. पप्पांच्या नजरेत मी कायमची उतरलेय, पण आई सुखरूप आहे. कधी कधी या त्यागाचा मला माजही यायचा.

या दिवाळीत घरात पुन्हा लातूरचा विषय निघाला. काकांची मुलगी दहावीला आहे. फराळाला सगळे बसले होते आणि काका म्हणाले, "दादा, तुझं ते कुलूप हाय का अजून? आमच्या पोरीला बी लागंल आता." पप्पा हसायला लागले. आता ती त्यांची सांगायची गोष्ट झाली आहे. लाइट गेली होती, आपण मांडीवर थाप कशी मारली, देगलूरच्या बाईचा फोन कसा आला, सगळं रंगवून सांगत होते. "अन् आमची पोरगी! महिनोन् महिने मला येडं बनवलं हिनं. तोंडावरची रेघ हलू दिली न्हाई." सगळे हसले. चुलतबहीण माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली.

आणि माझं डोकं सटकलं. हातातली चकली मी ताटलीत टाकली. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले. "आईला. आईच म्हणाली, सांगू नको." आवाज चढला होता माझा. मी आईकडे बघितलं. आता हिचं काय होणार, एवढंच मनात होतं.

पप्पांनी चिवड्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "हाव, ठाऊक हाय की मला."

"काय ठाऊक हाय?"

"हेच. तू होस्टेलला गेलीस अन् दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं आईनं. लई रडली होती. ब्लाउजचं बी सांगितलं."

"घासच उतरंना गेला मला," आई म्हणाली. "सांगून टाकलं तवा बरं वाटलं."

"मग?"

"मग काय," पप्पा म्हणाले. "मी म्हणलो, झालं ते झालं. आता पोरगी रुळली तिथं, कामून हलवायची?"

"अन् मला? मला कामून न्हाई सांगितलं कुणी?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते काही लपवत नव्हते. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. आईनं माझ्या ताटलीत पडलेली चकली बाजूला केली, एक करंजी वाढली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "तुला काय सांगायचं त्यात, माय? तुला तर ठाऊकच होतं की."

काकांनी परत कुलपाचं विचारलं आणि बोलणं पुढे गेलं. मी करंजी हातात घेऊन बसून राहिले. इतकी वर्षं मी जिला वाचवत होते ती दुसऱ्याच आठवड्यात सुटली होती. मलाही सोडवायचं आहे, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.